चारही कडा दाखवा

परवा एका दिवट्याने मला फोनवर दोनच शब्द पाठवले. ‘लास्ट प्राइस?’ नमस्कार नाही, आपण कोण, कुठले, काही नाही. मी आपला माझ्याकडच्या जुन्या ब्लेडच्या वेष्टनांचे फोटो ग्रुपवर टाकले होते. भाव लिहिला होता, कुठे घडी पडली आहे, कुठे रंग उडालाय तेही लिहिलं होतं. ते वाचायची तसदी कोण घेणार? थेट लास्ट प्राइस. जसा काही मी उरलेली मेथीची जुडी पुढ्यात घेऊन बसलोय आणि मला गावाकडची बस गाठायचीय! मस्तकात तिडीक गेली. चार खमंग वाक्यं लिहायला घेतली आणि एकदम आठवलं, की याचं उत्तर मेश्रामबाईंनी कधीच देऊन ठेवलंय. त्या लिहायच्या, ‘पहिली वाचलीत का? शेवटचीही तीच.’ मी तेवढंच लिहिलं. तो गेला. गेला तर गेला.

मेश्रामबाई म्हणजे वत्सला मेश्राम. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, येरवड्याला एकट्या राहणाऱ्या, काडेपेट्यांवरची जुनी चित्रं जमवणाऱ्या. आमच्या कागदी वस्तूंच्या ग्रुपच्या चालक. काडेपेटीची चित्रं, विड्यांच्या बंडलांवरचे कागद, फटाक्यांची वेष्टनं, सिनेमाची अर्धी फाडलेली तिकिटं, असल्या लोकांनी केरात टाकलेल्या वस्तूंची देवघेव तिथे चालायची. घरोघर कॉम्प्युटर आले, पोरं आयटीत चिकटली, त्यांचे जुने लॅपटॉप आईबापांच्या गळ्यात पडले, आणि आमच्यासारख्यांना शोध लागला की आपल्याइतकेच वेडे सांगलीत आहेत, नाशकात आहेत, पार नागपुरात आहेत. वेडे जमले तसे त्यांच्या वासावर लबाडही आले. तेव्हा या बाई मधे उभ्या राहिल्या.

माझी आणि त्यांची ओळख भांडणानेच झाली. मी हडपसरच्या कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी करून घरी बसलेला माणूस, राहायला बिबवेवाडीत, फोटो काढायची अक्कल शून्य. ग्रुपवर पहिल्यांदा एका वेष्टनाचा फोटो टाकला. खाली ‘व्ही. मेश्राम’ या नावाने शेरा आला, “अंगठा उत्तम स्थितीत दिसतो. विकायला तोच आहे का? वेष्टनाच्या चारही कडा दाखवा.” मी चवताळलो. लिहिलं, “सर, आम्ही हौशी माणसं. एवढा कडकपणा बरा नव्हे.” उत्तर आलं, “हौस तुमची, पैसे दुसऱ्याचे. चारही कडा दाखवा.”

ग्रुपवर सगळेच त्यांना सर म्हणायचे. कुणी मेश्रामसाहेब म्हणायचं, एक नाशिककर तर भाऊ म्हणायचा. पुढे एका शाळेच्या हॉलमध्ये संग्राहकांचं प्रदर्शन भरलं, तिथे या मेश्राम सरांना दोन शब्द सुनवायचेच असं ठरवून मी गेलो. एका टेबलामागे सुती साडीतल्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेल्या, गळ्यात दोरीने भिंग अडकवलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांना विचारलं, “मेश्राम सर कुठे भेटतील?” त्यांनी भिंग डोळ्याला लावून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “अंगठा दाखवा, मग सांगते.”

मी ओशाळलो. म्हटलं, “अहो, मग सांगायचं नाही का, की तुम्ही बाई आहात?”

“का? विकायला मी ठेवलेय का? चित्रं ठेवलीत.”

त्या दिवसानंतर बातमी पसरली आणि माणसांची जात कळली. कालपर्यंत ‘सर, आपला शब्द अंतिम’ म्हणणारे दुसऱ्या दिवसापासून ‘मॅडम, तुम्हाला यातलं एक सांगतो’ करायला लागले. बाईंनी एकालाही सुनावलं नाही. पूर्वीसारखंच सगळ्यांना लिहीत राहिल्या, चारही कडा दाखवा. मला मात्र आजही ती नावं आठवली की हात शिवशिवतात.

बाईंची पार्सलं बघण्यासारखी असायची. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे, दोन पुठ्ठ्यांच्या मधे चित्र, बाहेरून सुती दोरा. चिकटपट्टीला त्या हात लावत नसत. कुणी चित्राला चिकटपट्टी लावून पाठवलं, की जखमेवर डांबर ओतल्यासारखा चेहरा करायच्या. पार्सलवर बाणाची खूण आणि ‘इथून उघडा’. आणि आत, चित्र ज्या कार्डात ठेवलेलं असे त्या कार्डाच्या पाठीमागे, मऊ पेन्सिलने त्या चित्राचे सगळे दोष लिहिलेले. ‘डाव्या कोपऱ्यात कसरीचं भोक.’ ‘वर चहाचा डाग, माझ्या आधीच्या मालकाचा.’ दोष नसेल तर लिहीत, ‘मला दिसला नाही. तुम्ही बघा.’ घेणाऱ्याने बघायचं, पोचलं म्हणून दोन ओळी कळवायच्या, मगच व्यवहार संपला. न कळवणाऱ्याला त्या फोन करायच्या आणि विचारायच्या, “पार्सल पोचलं, की तुम्हीच कुठे हरवलात?”

ग्रुपवर मोठा रिवाज एकच होता. ज्याने आधी ‘घेतलं’ लिहिलं, वस्तू त्याची. मागून कुणी दुप्पट देवो, ओळख काढो, रडो. विकणाऱ्याच्या इनबॉक्समध्ये मागच्या दाराने शिरून ‘मी जास्त देतो’ म्हणणं म्हणजे बाईंच्या लेखी पाकीटमारी. आणि ‘घेतलं’ म्हटलं की घ्यायचं. कोथरूडचे एक डॉक्टर होते. दर वेळी ‘घेतलं’ लिहायचे, आठवडाभर गप्प बसायचे आणि मग कळवायचे, ‘सॉरी, मिसेसना आवडलं नाही.’ बाईंनी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, “डॉक्टर, ऑपरेशन अर्धं टाकून मिसेसना विचारायला जाता का?” डॉक्टर भडकले. आपण कोण आहोत, किती मोठ्या लोकांना आपण ओळखतो, हे त्यांनी परिच्छेद पाडून लिहिलं. बाईंनी खाली लिहिलं, “ओळखी पुष्कळ आहेत. शब्द दिसत नाही.” आणि ग्रुपमधून काढून टाकलं. मी घरी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या. बायकोला वाटलं मॅच चालू आहे.

पण बाईंचा खरा संताप मी सहकारनगरला पाहिला. आमच्यातले एक जुने संग्राहक, बापट, अचानक गेले. माणूस जाऊन चार दिवस झाले नाहीत, तोच त्यांच्या बायकोला फोन सुरू. ‘वहिनी, फार वाईट झालं हो. ते अल्बम कुठे ठेवलेत?’ मी भेटायला गेलो तर बाहेरच्या खोलीत आमचेच तिघं बसलेले. तोंडं पडलेली आणि डोळे कपाटाकडे. एकाने तर बरोबर मोठी रिकामी पिशवी आणली होती, घडी घालून मांडीखाली दाबून ठेवली होती. मी काही बोलायच्या आत मेश्रामबाई आल्या. बापटवहिनींजवळ बसल्या, त्यांचा हात धरला. मग उठून त्या पिशवीवाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“ही कशाला आणलीत?”

“अं? भाजी घ्यायची होती जाताना.”

“मंडई त्या बाजूला आहे. निघा.”

तो निघाला. त्याच्या पाठोपाठ बाकीचे दोघंही उठले. त्यानंतर कितीतरी दिवस बाई येरवड्याहून बस बदलून रोज दुपारी सहकारनगरला जायच्या आणि जिन्यातल्या खुर्चीवर बसायच्या. कुणी आलं की विचारायच्या, माणसासाठी आलात की कपाटासाठी? गेलेल्याच्या घरी वस्तूंचं नाव घरच्यांनी काढल्याशिवाय आपण काढायचं नाही, हे त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतःही काढलं नाही. पुढे वर्ष उलटल्यावर बापटवहिनींनीच त्यांना बोलावून घेतलं. बाईंनी एकेक वस्तू काढून, दोष लिहून, सगळा संग्रह योग्य हातांत पोचवला. वहिनी म्हणाल्या, “अहो, एवढे दोष लिहिलेत तर घेईल कोण?” बाई म्हणाल्या, “जो घेईल तो परत पाठवणार नाही.” स्वतःसाठी त्यातली एकही वस्तू त्यांनी उचलली नाही, याची मी खात्री देतो.

स्वतःसाठी त्यांना हवं होतं ते एकच, आणि ते बापटांकडे नव्हतंच.

ते मला फार उशिरा कळलं. बाईंचे वडील, नामदेव मेश्राम, भंडाऱ्याकडून पुण्यात आले आणि पेठेतल्या एका छापखान्यात चित्रं काढायला लागले. काडेपेट्यांची, उदबत्त्यांची, फटाक्यांची. त्या काळी अशा चित्रांवर छापखान्याचं नाव यायचं, कारखान्याचं यायचं, चित्र काढणाऱ्याचं यायचं नाही. त्यांनी एकदा लहानग्या वत्सलेला शाईच्या डब्यावर बसवलं, हातात पाटी दिली आणि तिचं चित्र काढलं. काडेपेट्यांच्या डझनाच्या पुड्यावर लावायचं मोठं चित्र. पाटी छाप. कारखाना कुठलासा छोटा, लवकरच बुडाला. वडिलांनी घरी आणलेलं एकुलतं एक चित्र आईने खळ लावून भिंतीला चिकटवलं, आणि पुढे घर पाडलं तेव्हा ते भिंतीबरोबर गेलं. वडील गेले. त्यांच्या हातचं काहीच उरलं नाही. बाईंनी नोकरीला लागल्यापासून काडेपेट्या गोळा करायला सुरुवात केली ती एवढ्यासाठी. कपाटं भरली, पाटी छाप मिळाली नाही.

“मग ग्रुपवर सांगा ना सरळ,” मी म्हटलं. “सगळे शोधतील.”

“गोष्ट सांगून माल मागायचा नाही, शिंदे. गोष्ट ऐकली की चांगला माणूस फुकट देतो आणि वाईट माणूस भाव चढवतो. दोन्ही नको.”

हे असलं बोलणं ऐकलं की मला त्यांचाही राग यायचा. अहो, इतकं सोवळं कशाला? पण बाईंशी वाद घालणं म्हणजे येरवड्याच्या तुरुंगाच्या भिंतीला धडका मारणं.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो, कारण मी तिथेच होतो. ग्रुपवर कुणीही काही टाकलं की ते आधी बाईंकडे जायचं. त्यांनी पाहिलं, कडा दिसतात, दोष लिहिलेत अशी खात्री झाली, की त्या ते सोडायच्या, मग बाकीच्यांना दिसायचं. आणि म्हणूनच त्यांनी स्वतःला एक बंधन घालून घेतलं होतं. आपण सोडलेल्या वस्तूवर पहिला तासभर आपण ‘घेतलं’ लिहायचं नाही. आपल्याला सगळ्यांच्या आधी दिसतं, तर आपला हात सगळ्यांच्या शेवटी. मला हे आधी ठाऊक नव्हतं. मी रविवारी सकाळी त्यांना एक पार्सल द्यायला गेलो होतो. त्यांनी चहा ठेवला आणि पुतण्याने दिलेला लॅपटॉप उघडला. सांगलीच्या एका निवृत्त मास्तरांनी वडिलांच्या दुकानातल्या ट्रंकेतल्या सगळ्या चित्रांचे फोटो पाठवले होते. सज्जन माणूस, प्रत्येक चित्राच्या चारही कडा दिसत होत्या. बाई एकेक बघत होत्या आणि एकाएकी थांबल्या.

निळ्या परकरातली मुलगी. मांडीवर पाटी. पाटीवर ठसठशीत अ.

“ही मी,” बाई म्हणाल्या.

मी खुर्ची पुढे ओढली. बाईंनी चित्र मोठं केलं आणि चौकटीच्या बाहेर, खाली उजव्या हाताला, पांढऱ्या कडेवर बोट ठेवलं. तिथे एक काळा ठिपका होता. अजून मोठं केल्यावर दिसलं, ती मुंगी होती. सहा पाय, दोन मिशा. बाई त्या पडद्यावरच्या मुंगीवरून बोट फिरवत राहिल्या.

“बाबा म्हणायचे, नाव नाही टाकू देत ना, तर मुंगी टाकतो. चौकटीच्या आत मालकाचं राज्य, बाहेर माझी मुंगी. जिथे जिथे त्यांना सोडता आली तिथे त्यांनी सोडली. लोक कडा कापून टाकतात, म्हणून सापडत नाही.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की या बाई इतकी वर्षं सगळ्या जगाच्या मागे चारही कडा, चारही कडा करत का लागल्या होत्या.

“कुणाला सांगितलं का नाहीत हे?”

“सांगितलं असतं तर उद्यापासून सगळ्या चित्रांवर मुंग्या फिरायला लागल्या असत्या.”

आणि एवढं बोलून त्यांनी बटण दाबून ते सगळं ग्रुपवर सोडलं. मी ओरडलोच, “अहो बाई! काय केलंत हे? आधी मास्तरांना फोन करायचा! निदान एवढं एक काढून ठेवायचं!”

“माझ्याकडे आधी येतं ते काढून ठेवायला नाही येत.”

त्या आत गेल्या आणि लसूण सोलायला घेऊन आल्या. तासभर थांबायचं होतं ना! मी पडद्यासमोर बसून घाम पुसत होतो. चहा उतू गेला, कुणी उठलं नाही. आणि दोन पाकळ्या सोलून होताहेत तोच खाली शब्द उमटले : ‘घेतलं. सगळंच्या सगळं.’

लिहिणारा पराग. त्या पोराची थोडक्यात ओळख अशी, की त्याला काडेपेटीत आणि कचरापेटीत फरक कळत नव्हता. आयटीवाल्यांच्या पगारावर शहरात नवनवी हॉटेलं निघत होती, आणि त्यांच्या भिंतींना ‘जुना लुक’ पाहिजे होता. पराग जुनं ते सगळं घाऊक उचलायचा, फ्रेमा करायचा आणि त्या हॉटेलांना पुरवायचा. त्याने आधी ‘घेतलं’ म्हटलं होतं. रिवाजाप्रमाणे ते त्याचं.

दुपारी सांगलीच्या मास्तरांचा बाईंना फोन आला. कशावरून कोण जाणे, त्यांना काही तरी अंदाज आला असावा. म्हणाले, “बाई, तुम्हाला यातलं एखादं हवं असेल तर मी बाजूला काढतो. त्या मुलाला काय कळणार?” माझा जीव भांड्यात पडला. बाई म्हणाल्या, “मास्तर, त्याला कळेल. मोजून घेईल तो. सगळं पाठवा.” फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मी चपला घालून तसाच निघून आलो. इतका संतापलो होतो, की बस चुकवून अर्धा रस्ता पायीच चाललो. मोठा रिवाज! त्या रिवाजाचं लोणचं घाला!

त्यांनी पुढे एवढंच केलं. घेतलेली वस्तू दुसऱ्याला हवी असेल तर त्याने एकदा, उघडपणे विचारायचं, दुसऱ्यांदा नाही, असं त्या मानत. त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, “परागजी, यातली पाटी छाप कधी सोडणार असाल तर आधी मला कळवा. आहे तशी ठेवा, ही विनंती.” परागने खाली अंगठा उमटवला. बास. अंगठा! दोन शब्द लिहायला हात मोडतो या लोकांचा. मी बाईंना म्हटलं, त्याला खरं काय ते सांगू द्या मला, त्याचे आईबाप असतीलच की. त्यांनी मला शपथ घातली. मी पाळली आणि मनातल्या मनात जळत राहिलो.

महिने गेले. परागकडून काही आलं नाही. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. मी भेटलो की विषय निघायचा नाही. पण कुणी पोस्टमन जिन्यात खाकरला तरी त्यांची मान तिकडे वळायची, हे मी पाहत होतो.

मग माझी मुलगी मानसी, ती हडपसरच्या आयटी पार्कात नोकरीला आहे, तिने एकदा मला वाढदिवसाला तिच्या ऑफिसजवळच्या नव्या कॅफेत नेलं. दारातच कंदील, सायकलचं चाक, भिंतभर फ्रेमा. एका मापाच्या, एका ओळीत. कॉफी यायच्या आत मला ती दिसली. निळा परकर, मांडीवर पाटी. तिच्या खाली चार पोरं पिझ्झा ओढून तोडत होती. मी तिथूनच बाईंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षाने आल्या. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या कॅफेत. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या बहिणीकडे भंडाऱ्याला गेल्या, आणि तिकडेच वारल्याचं पुतण्याने कळवलं. त्या दिवशी मात्र चांगल्या खणखणीत होत्या. कडक इस्त्रीची पांढरी साडी, अंबाड्यात पेन्सिल, गळ्यात भिंग. सकाळची वेळ, गर्दी नव्हती. त्या सरळ भिंतीशी गेल्या, भिंग लावलं. मुलीचा चेहरा पाहिला, पाटी पाहिली, आणि मग खाली उजवीकडे सरकल्या. तिथेच थांबल्या.

कॅफेचा मॅनेजर, तिशीच्या आतला, नम्र पोरगा, धावत आला. “मॅम, ते फॉर सेल नाहीये.”

“मला घ्यायचं नाही. चौकटीतून काढून दाखवाल का? कड काठात दबलीय का, एवढंच बघायचंय.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. त्याने फ्रेम उतरवली, मागचे खिळे वाकवले, पुठ्ठा काढला. चित्र बाहेर आलं. पांढरी कड नव्हतीच. चारही बाजूंनी, चौकटीच्या रेघेला लागून, धारदार पात्याने सफाचट कापलेलं होतं.

मी परागला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“हां काका, बोला. ते पाटीवालं? अहो, मस्त आलंय ना? त्याच्या कडेला डाग होता एक, काळा. आणि सगळ्या फ्रेमा एका साइजच्या करायच्या होत्या. म्हणून ट्रिम केलं. आता एकदम क्लीन दिसतंय.”

“आणि बाईंनी लिहिलं होतं ते? आहे तशी ठेवा? आधी कळवा?”

“अरे हो! राहिलंच ते. सॉरी हां. बल्क ऑर्डर होती ना काका.”

“कापलेली पट्टी कुठाय?”

“पट्टी? कचऱ्यात गेली असणार. काय काका, पट्टीच ती.”

मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. मॅनेजर दोन पावलं मागे सरकला. बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं आता डॉक्टरांसारखा याचाही निकाल लागणार. पण त्यांचा आवाज चढला नाही, तो बसला होता.

“परागजी, डाग असला तर डाग आहे म्हणून लिहायचं असतं. काढायचा नसतो.” आणि फोन बंद करून माझ्या हातात दिला.

बाई खुर्चीवर बसल्या. चित्र समोर टेबलावर. इतक्या वर्षांनी ते त्यांच्या हाताशी आलं होतं, आणि त्या त्याला हात लावत नव्हत्या. मॅनेजरला काय झालं ते कळलं नव्हतं, पण काही तरी झालंय एवढं कळलं. तो हळूच म्हणाला, “आंटी, तुम्हाला हवं असेल तर घेऊन जा. आम्ही तिथे दुसरं काही लावू.”

“घ्या हो बाई,” मी म्हटलं. “घ्या! कसं का असेना.”

“हे मालकांचं आहे, बाळा. त्यांना न विचारता द्यायचं नसतं,” त्या म्हणाल्या. “मालकांना विचारून बघ. नाही म्हणाले तर राहू दे इथेच.” मग त्यांनी विचारलं, “पाठीमागच्या पुठ्ठ्यावर लिहिलं तर चालेल का?”

“लिहा ना. मागे कोण बघतंय?”

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. चित्र होतं तसं चौकटीत बसवलं, त्यावर पुठ्ठा ठेवला, खिळे सरळ केले आणि त्या पुठ्ठ्यावर सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं. मी खांद्यावरून वाचत होतो. फ्रेम त्यांनी स्वतः उचलून खिळ्याला अडकवली, एका बाजूला कलली होती ती सरळ केली, आणि रिक्षा बघायला बाहेर पडल्या. मालकांनी पुढे काय सांगितलं मला माहीत नाही. फ्रेम अजून तिथेच आहे. मी जाऊन बघून येतो. समोरून ती एकदम क्लीन दिसते. मागे पेन्सिलीने लिहिलंय :

‘चित्र : नामदेव मेश्राम. चारही कडा कापलेल्या. खाली उजवीकडे मुंगी होती. डाग नव्हता.’